वरच्या कोर्टाचे खळदकर

लग्न होऊन नारायण पेठेतल्या या घरात आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या हाती आमटीची वाटी दिली आणि म्हणाल्या, "समोर खळदकर वकिलांना देऊन ये. एकटा माणूस आहे, नुसता भात लावून खातो." आमची दारं समोरासमोर, मध्ये जिना. वकिलांनी दार उघडलं, दारातच चमचाभर आमटी चाखली, मग चष्मा काढून डोळे मिटले. मी नवी नवरी. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी केली असती तर गूळ निम्मा घातला असता. पण तो प्रश्न नाही. गूळ घालण्यापूर्वी चव घेतली होतीत?"

"हो."

"घरात कुणाला विचारलं होतंत?"

"सासूबाईंनीच सांगितलं, एवढा घाल."

"मग आमटी कायम," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मी परत येऊन सासूबाईंना विचारलं, त्यांना आवडली की नाही आवडली? सासूबाई म्हणाल्या, "ते त्यांनाही ठाऊक नसतं. तू देत जा." आणि मी देत गेले.

खळदकर म्हणजे उंच, काटकुळा माणूस. काळा कोट मुळात काळा होता हे त्यांच्या सांगण्यावरून मानायचं, उन्हात तो हिरवा दिसे. हातात बाराही महिने छत्री. पुण्यात वकिलांना तोटा नाही, पण खळदकरांसारखं काम करणारा दुसरा माझ्या पाहण्यात नाही. माणसाचं दिवाळं निघालं की तो कोर्टात नादारीचा अर्ज करतो. मग त्याचे घेणेकरी जमतात, भांडतात, आणि भांडून दमले की तडजोड करतात, की बाबा, एवढे दे, अशा हप्त्यांनी दे, आणि तुझा धंदा चालू ठेव. कोर्टाने ती मंजूर केली की सगळ्यांवर बंधनकारक. पण एखाद्या घेणेकऱ्याला ती पटत नाही आणि तो मंजुरी रद्द करून घ्यायला वरच्या कोर्टात अपील करतो. तिथे खळदकर उगवत. कधी अपील करणाऱ्याच्या बाजूने, कधी विरुद्ध. खालच्या कोर्टाची पायरी मात्र ते चढत नसत. "खाली माणसं भांडतात. मला भांडण बघवत नाही. वर सगळं कागदावर येतं," असं सांगत.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्यांनी मला एकदा जिन्यात, माझ्या डोक्यावर दळणाचा डबा असताना समजावून दिलं होतं. वरच्या कोर्टाने तडजोड चांगली की वाईट हे बघायचं नसतं म्हणे. खालचा न्यायाधीश तिथे बसलेला होता, त्याने माणसं बघितली, त्यांचे चेहरे बघितले. वरच्याने इतकंच विचारायचं की तो खरोखर बसला होता का? कागद समोर होते का? ज्यांचं ऐकायला हवं, त्या सगळ्यांचं ऐकलं का? ऐकलं असेल तर निकाल कायम, मग आपल्याला तो कितीही कडू लागो. "आपलं मत हा प्रश्नच नाही, सूनबाई." मी म्हटलं, डबा उतरवून ठेवू का हा माझा प्रश्न आहे. त्यावर ते बाजूला झाले.

हे कोर्टापुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण माणूस घरी आला तरी वरच्याच कोर्टात असे. खाली अंगणात मुलं क्रिकेट खेळत. भांडण झालं की दोन्ही संघ माना वर करून गॅलरीत बसलेल्या खळदकरांकडे अपील करत. खळदकर विचारत, "पंच कुठे उभा होता? त्याला दिसत होतं? दोघांचं ऐकून घेतलं?" सगळ्याला हो आलं की म्हणत, "मग आउट. मला स्वतःला हा नॉटआउट वाटतो. पण तो प्रश्न नाही." फलंदाज रडकुंडीला येई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा त्यांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी औषध दिलं. हे ते औषध घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, उपचार विचारायला नव्हे, तर पहिल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी गुडघ्याला हात लावायला हवा होता की नको एवढंच विचारायला. दुसरे डॉक्टर म्हणाले, हवा होता. तेव्हा हे पहिल्याकडे परत गेले, गुडघा पुढे केला, त्यांच्याकडून हात लावून घेतला, आणि मग तेच औषध मुकाट्याने घेतलं.

इमारतीला रंग द्यायचा होता तेव्हा सगळ्यांनी मिळून गुलाबी ठरवला. गुलाबी रंगाचा खळदकरांना मनापासून तिटकारा. सासूबाईंना वाटलं, आता तरी हा गृहस्थ बोलेल. त्यांनी फक्त तळमजल्यावरच्या आजारी जोशीबुवांना विचारलं होतं का, याची चौकशी केली. विचारलं होतं. "मग गुलाबी," खळदकर म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं ते खाली मान घालून इमारतीत शिरत. लोकांना वाटे, किती विनम्र माणूस आहे.

हसण्यासारखं होतं तसं न हसण्यासारखंही होतं. त्यांचा धंदाच असा की व्यापारी त्यांना टरकून असत. खळदकर एखाद्या दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटं छत्री टेकून उभे राहिले, की संध्याकाळपर्यंत बोलवा होई, "त्याचं काही खरं नाही, खळदकर येऊन गेला." कोपऱ्यावरच्या वाण्याने तर त्यांना हात जोडून सांगितलं होतं, "वकीलसाहेब, आपण कशाला तसदी घेता, सामान मी घरी पाठवतो." आणि तो खरोखर पाठवत असे, तेही चांगलं निवडून. लक्ष्मीपूजनाला पेठेतल्या सगळ्या दुकानांतून सगळ्यांना बोलावणं असे, खळदकरांना नसे. त्या संध्याकाळी ते गॅलरीत दिवा न लावता बसत. मी एकदा म्हटलं, काका, अंधारात का? तर म्हणाले, "खालचे दिवे बरे दिसतात." मला तेव्हा ते खरं वाटलं.

आमचा व्यवसाय मांडवाचा. आबा, म्हणजे माझे सासरे, पायगुडे मांडववाले म्हणून अर्ध्या पुण्याला माहीत. खांब, कनाती, सतरंज्या, झालरी, मोठमोठी पातेली आणि देगा, सगळं नदीकाठच्या गोदामात. पण मंगल कार्यालयं निघाली, लोक दारात मांडव घालेनासे झाले. आबा म्हणाले, हे फॅड आहे, चार दिवसांत उतरेल. फॅड उतरण्याच्या तयारीत त्यांनी उधारीवर दुप्पट नवा माल भरला. फॅड काही उतरलं नाही. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच आबांना नादारीचा अर्ज करावा लागला.

पुढे रीतीप्रमाणे सगळं झालं. घेणेकरी जमले, भांडले, दमले. आबांनी हप्त्यांनी फेड करायची आणि मांडवाचं सामान लिलावात न काढता आबांकडेच ठेवायचं, अशी तडजोड ठरली. सामान गेलं तर आबा कमावणार कशावर आणि देणार कशातून, हे बाकीच्यांना पटलं. खालच्या कोर्टाने ते मंजूर केलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि पंधरवड्यातच अपिलाची नोटीस आली. अपील इस्माईलशेठनी केलं होतं.

इस्माईलशेठ कापडाचे आणि ताडपत्रीचे व्यापारी. आबांना कनातीचं कापड पहिल्यापासून त्यांचंच. सणाला त्यांच्याकडून शिरखुर्मा आणि आमच्याकडून फराळ, इतका घरोबा. त्यांनी अपील करावं याचंच आबांना जास्त लागलं. मंजुरी रद्द झाली असती तर गोदाम लिलावात जाणार होतं, आणि आबांनी आयुष्यात मांडवाशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं. ते नोटीस घेऊन जिना ओलांडून समोर गेले.

खळदकरांनी नोटीस वाचली आणि त्यांचा चेहरा असा खुलला की सासूबाईंना राग आला. "आपल्याच जिन्यात अपील!" ते म्हणाले. घरात पाळणा हलल्यासारखा आनंद. फीचं विचारलं तर म्हणाले, "नादार माणसाकडे फी लावली तर मीही तुमचा घेणेकरी होईन. मग मला तडजोडीला बसावं लागेल, तेही खालच्या कोर्टात. नको."

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे फाइल घेऊन बसले. सगळे भोवती. "मंजुरी एका ओळीची आहे," ते म्हणाले, "पण चालेल. इस्माईलशेठचा पुकारा झालेला दिसतो. ते हजर नव्हते. जो आलाच नाही त्याचं कोर्टाने ऐकायचं कसं? अपील फेटाळलं जाईल." घरात कित्येक दिवसांनी कुणीतरी हसलं. सासूबाईंनी लाडू आणले. आबाही सैलावले आणि सहज बोलून गेले, "येणार कसे ते? त्या दिवशी त्यांच्या लेकीचं लग्न नव्हतं का. कोर्टाने आपल्या सामानावर नेमलेल्या रिसीव्हरची परवानगी काढून मांडव आपणच घातला होता. मी कोर्टातून निघालो तो थेट तिकडेच. पोरांनी झालर उलटी लावली होती."

खळदकरांनी लाडू बशीत परत ठेवला.

"कोर्टाने विचारलं होतं, हे का आले नाहीत म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खालच्या कोर्टातल्या आपल्या वकिलांची ताकीद होती, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि मला असं नाव घेऊन कुठे विचारलं होतं?"

"इस्माईलशेठनी पुढची तारीख मागितली नव्हती?"

"चिठ्ठी पाठवली होती म्हणे कारकुनाकडे. मला मांडवात भेटल्यावर सांगितलं त्यांनी. फायलीत कुठे राहिली कुणास ठाऊक."

खळदकरांनी चष्मा काढला.  मग म्हणाले, "पायगुडे, खालचं कोर्ट बसलं नव्हतं."

"अहो, बसलं होतं की. मी बघितलं ना समोर, खुर्चीवर."

"माणूस बसला होता. कोर्ट बसलं नव्हतं. ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकलंच नाही. आणि तो कुठे आहे हे तिथे फक्त तुम्हाला माहीत होतं. हे तुम्ही उद्या स्वतः सांगायला हवं."

आमचे हे एकदम उठून उभे राहिले. "काका, तुम्ही वकील आमचे की त्यांचे?"

"तुमचा. म्हणून तर घरात सांगतोय," खळदकर शांतपणे म्हणाले. "मी बाहेर अवाक्षर काढणार नाही. तुम्ही दुसरा वकील करा, मी फाइल बांधून देतो. पण हे कळल्यावर मी उभा राहून 'सगळं रीतसर झालं' असं म्हणणार नाही. मला जमणार नाही ते." मग ते आबांकडे वळले. "तुम्ही खांब किती खोल पुरता?"

"हातभर."

"आणि न पुरता नुसता टेकवला, दोऱ्यांनी ताणला, तर?"

"उभा राहतो. वारा सुटेपर्यंत."

"मग ही मंजुरी तशी आहे. उद्या आपण जिंकू. परवा शेठ आणखी वर जातील, तिथे ती चिठ्ठी निघेल, आणि तेव्हा मांडवाखाली माणसं बसलेली असतील."

 आबांनी आपल्या बशीतला लाडूही बाजूला सारला आणि म्हणाले, "सांगतो उद्या."

शिवाजीनगरच्या कोर्टात मीही गेले. घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा ते बरं. आबा उभे राहिले, हातातली टोपी चुरगाळत, आणि सगळं सांगितलं, उलट्या झालरीसकट. मागच्या बाकावर इस्माईलशेठ खाली बघत बसले होते. त्यांनी मान वर केली. न्यायाधीशांनी खळदकरांना विचारलं, आपलं काय म्हणणं? खळदकर म्हणाले, "तडजोड चांगली आहे असं मला वाटतं. पण तो प्रश्न नाही." मंजुरी रद्द झाली. प्रकरण परत खाली गेलं, इस्माईलशेठचं ऐकून नव्याने निर्णय द्यावा म्हणून. जिंकत आलेलं प्रकरण असं आपल्या हाताने घालवून समाधानाने छत्री उचलणारा वकील मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगायचं तर ती छत्री मला त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली.

कारण मंजुरी गेली, म्हणून नवा निर्णय होईपर्यंत दुसऱ्याच दिवशी गोदामाला सील लागलं. ऐन लग्नसराईत. आबा सकाळी उठून सवयीने नदीकाठी जात आणि कुलूप बघून परत येत. सासूबाईंनी समोरच्या दाराकडे बघणं सोडलं. मी आमटी बंद केली.

काही दिवसांनी खळदकर आमच्या दारात उभे. हातात आमची रिकामी वाटी, घासून लख्ख केलेली.

"सूनबाई, आमटी बंद झाली आहे. तो तुमच्या अखत्यारीतला निर्णय आहे. मी आव्हान देत नाही. पण निर्णयापूर्वी मला नोटीस मिळाली नाही."

मी म्हटलं, "आमच्या गोदामाला कुलूप लावलंत आणि आता नोटीस मागता?"

"ऐकून तरी घ्या," ते म्हणाले. मी दाराला टेकून उभी राहिले. त्यांनी काय सांगितलं? काही नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं, चष्मा काढला, पुसला. इतका कोर्टात बोलणारा माणूस. शेवटी म्हणाले, "पायगुडे रोज सकाळी नदीवर जाऊन परत येतात. मी गॅलरीतून बघतो. मला झोप लागत नाही, सूनबाई." मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि आत जाऊन भरून आणली. गूळ नेहमीइतकाच होता.

खालच्या कोर्टातल्या तारखेला आम्ही गेलो तर पायरीपाशी खळदकर. पांढरेफटक पडलेले, छत्री दोन्ही हातांनी धरलेली. ज्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही म्हणून त्यांनी जन्म काढला, ती ते आमच्यासाठी चढले. आत सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले, भांडण सुरू होईल या भीतीने डोळे अर्धे मिटून.

इस्माईलशेठ उभे राहिले. "साहेब, पैशाचं राहू द्या," ते म्हणाले. "मांडव यांचा. देगा यांच्या. माझी लेक यांच्या कनातीखालून सासरी गेली. त्याच दिवशी इथे माझं नाव पुकारलं, आणि हे पायगुडे गप्प बसले. बाजारात काय झालं माहीत आहे? इस्माईल कोर्टाला घाबरून आला नाही. मी लेकीची पाठवणी करत होतो, साहेब. एवढं एक वाक्य यांच्या तोंडून निघालं नाही."

आणि मग ते बोलत राहिले. पहिल्या कनातीचं कापड कसं दिलं, आबांनी पहिल्या कमाईतून काय आणलं, कोणत्या पावसाळ्यात कुणाचं गोदाम भिजलं आणि कोण धावलं. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घालून ऐकत राहिले, मध्ये एकदाही तोडलं नाही. मी मागे वळून पाहिलं. खळदकरांचे डोळे उघडे होते.

दुपार कलल्यावर शेठ थांबले. न्यायाधीशांनी विचारलं, "आता तडजोडीबद्दल आपलं काय म्हणणं आहे?"

"तडजोड ठीक आहे. ती मला कुठे नको होती? मला कुणी विचारलं नव्हतं." मग म्हणाले, "एकच लिहून घ्या. घेणेकऱ्यांत यांच्या देगांना कल्हई करणारा आहे, त्याचं आधी देऊन टाका. त्याचं पोट हातावर आहे. माझं सगळ्यांत शेवटी दिलं तरी चालेल."

न्यायाधीशांनी तेवढं लिहून घेऊन तडजोड पुन्हा मंजूर केली आणि गोदामाचं सील काढायला सांगितलं. बाहेर आल्यावर आबा इस्माईलशेठच्या समोर उभे राहिले आणि "चुकलो" म्हणाले. शेठनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "झालर खरंच उलटी होती. माझ्या बायकोने बघितली होती." दोघं चहाला गेले. खळदकरांना बोलावलं तर म्हणाले, "आता मंजुरीला कुणाचीच हरकत नाही. मी कशाला?" आणि एकटे छत्री टेकत घरी आले.

ती तडजोड पुन्हा कुणी हलवली नाही. आबांनी सगळी फेड आपल्या हाताने केली. पुढे आमच्या ह्यांनी कार्यालयांनाच भांडी आणि खुर्च्या पुरवायला सुरुवात केली. आता माझ्या मुलाचं गोदाम हडपसरला आहे आणि त्यात आबांचे जुने लाकडी खांब अजून एका कोपऱ्यात उभे आहेत. मी या घरात पोटभर जेवले, मुलं शिकवली, आबांना ताठ मानेने गेलेलं पाहिलं. त्यातलं पुष्कळसं खळदकरांनी जे अपील जिंकून दिलं नाही त्याच्यामुळे, असं मी उघड म्हणते. त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला आबा स्वतः जिना ओलांडून गेले आणि त्यांना हाताला धरून गोदामात घेऊन आले. खळदकर कोट घालून दाराजवळच बसले, कुणी उठवलं तर चटकन उठता यावं अशा बेताने. आबांनी पहिले लाह्या-बत्तासे त्यांच्या ओंजळीत घातले. ते त्यांनी खाल्ले नाहीत, कोटाच्या खिशात ठेवले. मग दरवर्षी बोलावणं गेलं, आबांच्या माघारीही.

हे सगळं आठवायचं कारण मागच्या वर्षीची गोष्ट. खळदकर आता फार थकले आहेत. कोर्ट सुटून जमाना झाला. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरला, तेव्हा त्यांचा पुतण्या मिलिंद आला. तो खराडीला मोठ्या कंपनीत आहे, मुलगा मायाळू आहे. येताना हातात एका वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक. जिन्यात मला म्हणाला, "काकू, हडपसरच्या पुढे आहे. एकदम क्लीन, डॉक्टर ट्वेंटी-फोर अवर्स. ताईशी बोललो मी, आमचं फायनल झालंय. रविवारी शिफ्ट करतोय."

"काका काय म्हणाले?"

"काही प्रॉब्लेम नाही त्यांना. म्हणाले, निर्णय तुमच्या अखत्यारीतला आहे."

माझ्या हातात आमटीची वाटी होती. मी म्हटलं, "मिलिंद, जरा आत काकांपाशी येऊन बस."

"काकू, मला एक कॉल आहे—"

"बस रे. या घरात नीट बसल्याशिवाय ठरवलेलं चालत नाही."

तो बसला. खळदकर खिडकीपाशी खुर्चीत होते, कोपऱ्यात बांधून ठेवलेली एक पेटी. मी स्टूल ओढून समोर बसले आणि विचारलं, "काका, तुम्हाला जायचंय का?"

"मिलिंदने चौकशी केली आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांचं मत घेतलं आहे. बहिणीला विचारलं आहे. निर्णयात दोष दिसत नाही."

"ते नाही विचारलं मी. तुम्हाला काय वाटतं?"

"तो प्रश्न—"

"आज तोच प्रश्न आहे," मी म्हटलं. "सगळ्यांचं ऐकलंय. तुमचं राहिलंय."

खळदकरांनी चष्मा काढला.  इतक्या वर्षांत मी त्यांना कोर्टाबद्दल, पंचाबद्दल, डॉक्टरबद्दल बोलताना ऐकलं होतं. स्वतःबद्दल काही सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, हे त्यांना माहीतच नव्हतं. मिलिंदने खिशातला वाजणारा फोन बंद केला. मी वाटी त्यांच्यापुढे सरकवली, काही न सुचून.

त्यांनी चमचाभर घेतली. मग म्हणाले, "गूळ जास्तच असतो तुमच्यात. पहिल्यापासून."

"हो. निम्मा हवा होता तुम्हाला."

"हवा होता. पण आता याचीच सवय झाली आहे." चमचा हातातच होता. "तिकडे पथ्याची करत असतील. बिनगुळाची." मग खिडकीबाहेर बघत, इतक्या हळू की मिलिंदला पुढे वाकावं लागलं, "मला इथंच राहायचं आहे रे."

 मिलिंद उठला, कोपऱ्यातल्या पेटीची दोरी सोडली आणि म्हणाला, "मग हे आधी सांगायचं ना, काका." रात्री सोबतीला माणूस ठेवायचं ठरलं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, आणि तो आता दर रविवारी येऊन तासभर बसतो, फोन बाहेर ठेवून.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, इतकी वर्षं बिचाऱ्याने सोसलं, आता तरी त्यांच्या मनासारखं करावं. मी आमटीत गूळ निम्मा घातला आणि वाटी देऊन आले. घरात येऊन पदराला हात पुसते आहे, तोच समोरून बारीक पण खणखणीत हाक आली.

"अहो सूनबाई, आज गूळ कमी पडलाय. मला न विचारता कुणी ठरवलं हे?"